बंद गिरणीच्या फोटोत न दिसणारी माणसे

मुंबईतल्या बंद गिरण्यांचे फोटो काढणाऱ्या तरुणांची आता कमतरता नाही. काजळलेली चिमणी, भिंतीतून उगवलेला पिंपळ, फुटक्या काचांतून येणारा प्रकाश. फोटो सुंदर असतात. त्यांतून गिरणी किती जुनी ते कळते, पण तिच्यात कोण राबत होते हे कळत नाही.

काही मित्रांसोबत लालबाग-परळ भागातल्या एका बंद गिरणीत परवानगी काढून जाता आले. यंत्रे केव्हाच भंगारात गेलेली, जमिनीत फक्त बोल्टच्या रांगा उरलेल्या. सगळ्यांचे कॅमेरे छपराकडे वळले. करवतीच्या दातांसारख्या त्या छपराच्या काचा उत्तरेकडे असतात. त्यामुळे थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. तो उजेड कामगाराला तुटलेला धागा चटकन दिसावा म्हणून होता. मदनपुऱ्यात वाढलेल्या आमच्या एका मित्राचे आजोबा गिरणीत विणकर होते. त्याने विचारले, "साचा खाते कुठे होते?" आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

हा प्रश्न साधा नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्याच काळात यंत्रावरच्या स्वस्त कापडाने उत्तर हिंदुस्थानातल्या हातमागाचे कंबरडे मोडले होते. १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीनेही अनेक मोमीन-जुलाहा कुटुंबांना गाव सोडायला लावले. आग्रा रस्त्याने ती मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात आली. ज्या यंत्राने त्यांचा हातमाग हिरावला, त्याच यंत्रावर त्यांतले अनेकजण पोटासाठी उभे राहिले. गिरणगाव कोकणी-घाटी कामगारांचा होताच, पण या बुनकरांचाही होता.

मात्र साचा खात्याचे दार सर्वांना उघडे नव्हते. धोट्यातली बाबीन संपली की नव्या बाबीनचा धागा छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, या 'विटाळा'च्या भीतीने दलित कामगारांना अधिक पगाराच्या या खात्यापासून दूर ठेवले गेले. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय पुढे आणला. मुसलमान विणकर त्याच खात्यात, दाराच्या आत होते. आपला इतिहास सांगताना ही गोष्टही सांगायला हवी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. पुढे त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. ओसाड गिरणीचा फोटो पाहून कापडाचा धंदाच संपला असे वाटते. पण संपाच्या काळातच मालकांनी बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळवले होते. गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे त्याआधीही तिथे जात होते. तिथल्या कोंदट शेडमध्ये अन्सारी आणि तेलुगू पद्मशाली कामगार आजही राबतात. गिरणगावात लढून मिळवलेले हक्क मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. एका ठिकाणची शांतता आणि दुसऱ्या ठिकाणचा खडखडाट हा एकच इतिहास आहे.

म्हणून फोटो जरूर काढा, उद्या ती भिंतही नसेल. पण सोबत वहीही न्या. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. मदनपुऱ्यात, लालबागच्या चाळीत, भायखळ्यात त्याला गाठा. तुम्ही कुठल्या खात्यात होता, शेजारच्या साच्यावर कोण होते, कोणाला आत येऊ दिले जात नव्हते, हे विचारा. उत्तर फोटोखाली लिहा. भिंत पडल्यावर फोटो उरेल, पण ही उत्तरे देणारी माणसे फार काळ उरणार नाहीत.