क्यूरी यांच्या टिपणवह्या

जुनी पोथी हातीं आली म्हणजे कागद, शाई व लेखनकाल पाहण्याचा आमचा परिपाठ आहे. परंतु पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत मारी क्यूरी यांच्या ज्या टिपणवह्या शिशाच्या पेट्यांत ठेविल्या आहेत, त्या हाताळण्यापूर्वीं स्वतःच्या देहाचाच विचार करावा लागतो. १८९८ सालीं रेडियमचा शोध लागला. पुढें ज्या गळक्या छपराखालीं तें शुद्ध करण्याचें काम चाललें, तेथें विषारी वाफा बाहेर नेणारें धुराडेंहि नव्हतें.

हें सर्व अज्ञानामुळें झालें असें सांगण्याची रीत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. १९०१ सालींच बेकरेल यांची त्वचा खिशांतील रेडियमच्या नळीनें भाजली होती, व प्येर क्यूरी यांनीं मुद्दाम हातावर तें बांधून व्रणाची नोंद प्रसिद्ध केली होती. तरी आंतरराष्ट्रीय संरक्षण-समिति स्थापन झाली ती १९२८ सालीं, स्टॉकहोम येथें. मारी १९३४ सालीं रक्ताच्या विकारानें निवर्तल्या.

रेडियमचें तेज निम्में होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. आमच्या पाहण्यांतील एकहि कागदी पोथी तितकी जुनी नाहीं!

आपल्याकडील लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचें खनिज. अशा पोथीचीं पानें बोटाला थुंकी लावून उलटणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत.