शिकलेला कोणाला म्हणावे?

पवित्र कुराणातील सूरे माइदामध्ये शिकण्याचे दोन प्रसंग आले आहेत आणि दोन्हींत जनावर आहे. एकतिसाव्या आयतीत आदम अलैहिस्सलाम यांचा मुलगा, ज्याला आपण काबील म्हणून ओळखतो, भावाचा खून करून बसला आहे. प्रेताचे काय करावे हे त्याला उमगत नाही. एक कावळा जमीन उकरताना दिसतो आणि दफन कसे करावे हे तो पाहून शिकतो. चौथ्या आयतीत नेमके उलट आहे. तेथे माणूस शिकारी जनावरांना शिकवतो, आणि तेही अल्लाहने त्याला दिलेल्या ज्ञानातून.

या चौथ्या आयतीने फकीह मंडळींपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा केला. शिकवलेल्या कुत्र्याने किंवा बाजाने मारलेली शिकार खाता येते, न शिकवलेल्याने मारलेली खाता येत नाही. मग जनावर शिकले हे ठरवायचे कसे? ते काही धडा घोकून म्हणून दाखवणार नाही. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी हुजूर (स.अ.व.) यांना शिकारीविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की कुत्र्याने शिकारीतले खाल्ले असेल तर ती खाऊ नका, कारण ती त्याने स्वतःसाठी पकडली आहे. म्हणजे कसोटी वागण्याची ठरली.

पुढच्या चर्चेत मोठी बारकाई आहे. बुरहानुद्दीन मरगिनानी (मृत्यू ११९७) यांचा ‘हिदाया’ हा हनफी ग्रंथ आपल्या देशातील मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, आणि १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे की शिकल्याची खूण म्हणजे अंगवळणी पडलेली सवय सोडणे. कुत्रा माणसाळलेला असतो, पण ओरबाडून खाणे त्याच्या स्वभावात आहे. म्हणून तोंडाशी आलेले न खाणे ही त्याची परीक्षा. बाज मुळात रानटी, माणसापासून पळणारा. म्हणून हाक मारताच परत येणे ही त्याची परीक्षा, त्याने थोडे खाल्ले तरी चालेल. कोकणातील आपली बहुतेक मंडळी ज्या शाफई मजहबाची आहेत, त्यातील प्रचलित मत मात्र पक्ष्यालाही न खाण्याची अट घालते.

किती वेळा न खाल्ले म्हणजे कुत्रा शिकला? इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, तीन वेळा. एकदा-दोनदा तर त्याचे पोटही भरलेले असू शकेल! इमाम अबू हनीफा (६९९–७६७) यांनी आकडा घालून देण्यास नकार दिला. शिकवणाऱ्याची खात्री पटेल तेव्हा तो शिकला, असे ते मानत. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांवर पास आणि चौतीसवर नापास ठरवणाऱ्यांनी हा मतभेद एकदा वाचावा.

हीच कसोटी माणसाच्या मुलाला कोणी लावली असेल तर ती इब्न खल्दून यांनी. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या इतिहासकाराने ‘मुकद्दिमा’ १३७७ साली पूर्ण केला. मधमाश्या आणि टोळ यांच्यातही नेता व आज्ञापालन दिसते, पण ते उपजत असते. माणूस विचाराने शिकतो, असे ते म्हणतात. मात्र विचार पुरेसा नाही. एखादी कृती पुनःपुन्हा करून ती अंगात मुरली पाहिजे. या मुरलेल्या कौशल्याला त्यांनी ‘मलका’ हा शब्द वापरला. हुन्नर नुसता ऐकून शिकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून शिकलेला अधिक पक्का, असेही त्यांनी नोंदले आहे. गॅरेजमध्ये उस्तादाच्या शेजारी उभा राहणारा पोरगा हे जाणतो. त्याच पोराला शाळेत आपण फक्त पाठांतर देतो.

इब्न खल्दून यांनी मगरिबच्या मदरशांतील विद्यार्थ्यांबद्दल जे लिहिले ते आजच्या पालकांना ओळखीचे वाटेल. हे विद्यार्थी वर्षानुवर्षे दर्साला गप्प बसतात, बोलत नाहीत, वाद घालत नाहीत, गरजेपेक्षा जास्त पाठ करतात. त्यांचे पाठांतर इतरांपेक्षा दांडगे, पण चर्चेला उभे केले की हातात काही नाही. तेथे मदरशात राहण्याची मुदत सोळा वर्षे होती, ट्युनिसमध्ये पाच. ही लांब मुदत त्यांना अभिमानाची वाटली नाही. शिकवणे निकृष्ट म्हणून इतका वेळ लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपाय त्यांनी साधा सांगितला: मुलाला बोलू द्यावे, प्रश्नावर वाद घालू द्यावा.

माराविषयीही त्यांचे मत स्पष्ट होते. धाकाखाली वाढलेले मूल आळशी होते, खोटे बोलायला आणि लबाडी करायला शिकते, आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो. मुलाला मारावेच लागले तर तीन फटक्यांपुढे जाऊ नये, हे इब्न अबी जैद यांचे मत त्यांनी दिले आहे. ‘हिदाया’तही बाजाला वेगळा नियम का, याचे एक कारण असेच दिले आहे. कुत्र्याचे शरीर मार सोसते. बाजाचे सोसत नाही, म्हणून त्याला मारून शिकवता येत नाही. हाकेला यायचे तेवढेच त्याच्याकडून मागायचे.