ठिणगीची वेळ आणि दोन तारांचा कपलर

केटीएमच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाड्यांच्या काही मॉडेलांत वायरिंगच्या जुडग्यात दोन तारांचा एक छोटा कपलर असायचा. जोडलेला असला तर इंजिन एका स्वभावाने चालायचं, सोडवला तर दुसऱ्या. एक मवाळ, एक आक्रमक. त्या तारांतून प्लगचा हाय टेन्शन करंट जात नाही, की दिव्याचाही नाही. सर्किट पुरं झालं आहे की तुटलं आहे, एवढंच सीडीआयच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला त्यातून कळतं आणि तो आत साठवलेल्या दोन मॅपांपैकी, म्हणजे ठिणगीच्या वेळांच्या दोन तक्त्यांपैकी, एक उचलतो. हँडलवर बसणारा मॅप स्विच म्हणजे हीच जोडणी, फक्त अंगठ्याशी आणलेली. हौशी लोक ती घरी बनवतात, आणि बनवायला बसल्यावर त्यांना कळतं की स्विच कसलाही चालतो. घोडं अडतं ते कपलरपाशी. या चिमुकल्या वस्तूमागे दोन घराणी आहेत: एक ठिणगीच्या वेळेचं, दुसरं तारांच्या सांध्याचं.

पहिलं घराणं जुनं. 1885 मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी जर्मनीतल्या कानस्टाट इथे पेट्रोलवर चालणारी जी दुचाकी बनवली, तिच्यात ठिणगी नव्हतीच. बाहेरून ज्योतीने तापवलेली एक नळी आतलं मिश्रण पेटवायची. कधी पेटवायचं हे कुणीच ठरवत नव्हतं; दाबलेलं मिश्रण तापलेल्या भागापर्यंत पोचलं की पेटायचं. 1897 मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने द दिओं-बुताँ कंपनीच्या तीनचाकीला मॅग्नेटो बसवला. 1902 मध्ये त्याच कारखान्यातले गॉटलोब होनोल्ड यांनी हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी सिद्ध केली. विजेची ठिणगी हाती आल्यावर ती नेमकी कधी पाडायची, हा प्रश्न आला.

प्रश्न साधा नाही. मिश्रण एका क्षणात स्फोटासारखं उडत नाही, ज्योत पसरत जाते आणि पसरायला वेळ घेते. 1500 आरपीएमवर क्रँक एका मिलिसेकंदात 9 अंश फिरतो, 6000 वर तेवढ्याच वेळात 36 अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आणखी आधी पाडावी लागते. सुरुवातीला हा हिशेब चालवणाऱ्यानेच करायचा होता. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या हँडलवर त्यासाठी एक लिव्हर असे. किक मारताना ठिणगी मागे घ्यायची, गाडीने वेग घेतला की पुढे न्यायची, चढावर इंजिन ठोकू लागलं की पुन्हा थोडी मागे. किक मारताना मागे घ्यायला विसरलं तर किक उलटी यायची आणि घोटा सुजायचा. मला हा काळ फार आवडतो. मॅप होता, पण तो चालवणाऱ्याच्या कानात आणि मनगटात होता.

पुढे फिरत्या दांडीवरच्या स्प्रिंग लावलेल्या दोन वजनांनी ते काम काढून घेतलं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. आपल्याकडे पॉइंटवाली बुलेट चालवलेल्या माणसाला पॉइंटची गॅप आणि ही वजनं दोन्ही ओळखीची. मात्र वजनांना एकच गोष्ट समजते, वेग. थ्रॉटल किती उघडा आहे याची त्यांना गंधवार्ता नसते.

1969 च्या कावासाकी एच-1 या 500 सीसी तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकवर सीडीआय आला. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारसायकलींवर तो येण्याची ही सुरुवात. पॉइंट घासणं संपलं, पण खरा फायदा वेगळाच होता. टू-स्ट्रोकला वजनं उपयोगाची नाहीत, कारण तिथे वरच्या वेगाला ठिणगी उलट मागे घ्यायची असते. मागे घेतली की सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त तापतो, तापलेल्या वायूत दाबाच्या लाटा वेगाने धावतात आणि फुगीर पाइपाचा मेळ आणखी वरच्या आरपीएमपर्यंत टिकतो. आधी चढणारी आणि मग उतरणारी अशी रेघ वजनांना कशी काढता येणार? इलेक्ट्रॉनिक्सला ती काढता येते. डब्यात मायक्रोप्रोसेसर आल्यावर तर रेघेचा तक्ता झाला: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल, प्रत्येक चौकटीत ठिणगीचे अंश. मॅप म्हणतात तो हा.

या टप्प्यावर महाराष्ट्राचा खरा संबंध येतो. पुण्याच्या बजाजच्या 2003 मधल्या पल्सर डीटीएस-आयवर ‘ट्रिक्स’ नावाची व्यवस्था होती. थ्रॉटल किती उघडला आहे हे कार्बुरेटरवरचा सेन्सर सीडीआयला कळवी आणि त्याप्रमाणे टायमिंग बदले. मॅप तिथे आपोआप बदलत होता, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नसे. निवड पुन्हा माणसाच्या हाती आली ती महागड्या गाड्यांवर: 2007 च्या सुझुकी जीएसएक्स-आर 1000 वर तीन मोडचं बटण होतं. 2012 च्या कावासाकी केएक्स 450 एफ या मोटोक्रॉस गाडीने तर बटणही ठेवलं नाही. तीन रंगांचे तीन कपलर दिले: हिरवा नेहमीसाठी, काळा कठीण जमिनीसाठी, पांढरा मऊ मातीसाठी. काढा आणि दुसरा लावा. कपलर हाच स्विच! माझ्या मते मॅप बदलण्याची याहून प्रामाणिक रीत कुणाला सुचलेली नाही.

आता दुसरं घराणं. जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये गोळीच्या आकाराच्या पितळी पिना रबरी नळीत खुपसलेल्या असत. सील काहीच नाही. आपल्या पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवा कळंक चढतो आणि मेकॅनिक सांगतो, करंट येत नाही. सांध्याचा इतिहास बदलला तो विमानांमुळे. 1941 मध्ये अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, म्हणजे एएमपी, ही कंपनी काढली. तिचा माल म्हणजे सोल्डरशिवाय दाबून बसवायची थिंबल. योग्य दाबाने चेपलं की तांब्याचे तंतू आणि थिंबलची भिंत एकमेकांत इतकी घट्ट बसतात की मध्ये हवाही शिरत नाही. सोल्डरचं उलट आहे. तो तंतूंमधून वर चढतो, तार तिथे काठीसारखी ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच थरथरीने तुटते. एएमपीच्याच वंशातला सुपरसील कपलर आज गाड्यांवर सर्रास दिसतो: 1.5 मिलिमीटरची पिन, प्रत्येक तारेला स्वतःचं रबरी सील.

म्हणून घरी मॅप स्विचची जोडणी करायची तर गाडीवर आहे त्याच घराण्यातले नर आणि मादी कपलर आणा. पिन, थिंबल, सील तारेच्या जाडीप्रमाणे घ्या. थिंबल चेपण्याआधी सील तारेवर ओवा. नंतर ते चढत नाही. थिंबलला दोन जोड्या कान असतात: पुढचे उघड्या तांब्यावर, मागचे सीलवर. दोन्ही वेगवेगळे चेपायचे, आणि पक्कड वापरायची ती क्रिंपिंगचीच. साध्या पकडीने चेपलेला सांधा टेबलावर मल्टिमीटरला उत्तम दिसतो आणि दगडधोंड्यांत दगा देतो. चेपल्यावर तार ओढून पाहा. निसटणार असेल तर इथेच निसटू दे. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून तार कुठे ताणली जात नाही ना, तेही बघा.

तार तुटली तर इंजिन कुठल्या मॅपवर जाईल, हे मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. सर्किट उघडं असताना आक्रमक मॅप लागत असेल, तर चिखलाच्या उतारावर तुटलेली तार तुम्हाला नको तेव्हा नको तेवढी ताकद देईल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे आधी वाचा. आणि मॅपच्या तारेला बॅटरीचे 12 व्होल्ट कधीही देऊ नका. ती तार सीडीआयला खूण द्यायला आहे, वीज घ्यायला नाही, आणि जळालेला डबा दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो.