मॅटिल्डाचा निळा पट्टा

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाडे, तोफगाड्या, लष्करी ट्रक यांच्या लहानशा प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडायच्या आणि रंगवायच्या, हा छंद ब्रिटनमध्ये गेली साठ-पासष्ट वर्षे टिकून आहे. खोक्यात पाचपन्नास ते दोन-तीनशे सुटे भाग आणि एक घडीचे सूचनापत्रक असते. चिकटवण्याचे द्रावण आणि रंगाच्या डब्या वेगळ्या घ्याव्या लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण या मंडळींपैकी काहींनी एक साधा प्रश्न इतक्या चिकाटीने विचारला, की पुस्तकांत आणि संग्रहालयांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली एक समजूत त्यामुळे हलली. प्रश्न असा होता : १९४० साली इजिप्तच्या वाळवंटात लढलेल्या मॅटिल्डा रणगाड्यावरचा मधला पट्टा नेमका कोणत्या रंगाचा होता?

रंगाकडे वळण्याआधी प्रतिकृतीच्या मापाविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिथेही इतिहासाने गंमत केली आहे. एअरफिक्स ही ब्रिटिश कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह यांनी काढली. सुरुवातीला ती हवा भरायची रबरी खेळणी करी, मग कंगवे करू लागली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाच्या सुट्या भागांचा संच वुलवर्थच्या दुकानांतून विकायला काढला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचे रणगाडे बाजारात आले. विमाने १/७२ या प्रमाणात, पण रणगाडे मात्र १/७६ या प्रमाणात! असे का?

१/७२ चा उगम सोपा आहे. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. १/७६ मात्र खेळण्यातल्या आगगाडीमुळे आले. रेल्वेच्या ‘ओ’ मापात ब्रिटनमध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. त्याच्या निम्मे करून ३.५ मिलिमीटरचे ‘एचओ’ माप निघाले. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर ठेवले गेले. पण ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्या काळच्या विद्युत मोटारी काही त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा ब्रिटिश कारखानदारांनी रूळ तसेच ठेवले आणि वरची गाडी फुटाला ४ मिलिमीटर अशी थोडी फुगवली. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ४ ने भागले की ७६.२. वाचकांनी पुढचा गुणाकारही करून पाहावा. १६.५ ला ७६.२ ने गुणले तर रुळांमधले अंतर १२५७ मिलिमीटर येते. प्रत्यक्षात ते १४३५ आहे. म्हणजे ही आगगाडी आपल्या रुळांपेक्षा बरीच रुंद आहे, आणि तिच्या फलाटाशेजारी शोभावेत म्हणून रणगाडेही त्याच मापाचे झाले.

आज सर्वांत जास्त चालणाऱ्या १/३५ या प्रमाणाची कथा याहून मजेदार. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. तिचा आकार ठरला तो आत दोन बॅटऱ्या बसाव्यात म्हणून. पुढे इतर रणगाडे त्याच मापात करायचे ठरले, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी पँथर मोजून पाहिला. तो मूळ वाहनाच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला. झाले, १/३५ हे जगाचे प्रमाण ठरले! ब्रिटिश सेंच्युरियन, चीफ्टन, मॅटिल्डा सगळे त्या दोन बॅटऱ्यांच्या हिशेबाने लहान झाले.

मॅटिल्डाची लांबी साडेपाच मीटरांहून थोडी जास्त. १/३५ मध्ये ती सुमारे १६ सेंटिमीटर होते. वजन मात्र पस्तीस पटींनी कमी होत नाही. ते ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी कमी होते. २७ टनांचा रणगाडा पोलादाचाच, पण इतका लहान केला, तर सुमारे ६३० ग्रॅम भरेल. प्लॅस्टिकची पोकळ प्रतिकृती याहून खूपच हलकी असते. मूळचे ७८ मिलिमीटर जाडीचे चिलखत इथे सव्वादोन मिलिमीटरचे होते. आणि रंगाचा थर? ब्रशने दिलेला थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा झाला, तरी मूळ रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटरचा लेप चढवल्यासारखे ते दिसते. रिव्हेटांची डोकी बुजतात, कडा गोल होतात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हातांनी द्यायचा असतो. घन आणि वर्ग शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता मॅटिल्डाकडे येऊ. पायदळाच्या सोबतीने चालण्यासाठी केलेला हा रणगाडा मंद होता. ताशी २४ किलोमीटर ही त्याची सपाट रस्त्यावरची धाव. पण त्याचे चिलखत त्या काळी जबरदस्त होते. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमधील निबेवा येथील इटालियन छावणीवर हल्ला झाला, तेव्हा मॅटिल्डांच्या सोबत चौथी भारतीय डिव्हिजन होती. इटालियन रणगाडाविरोधी तोफांचे गोळे मॅटिल्डाच्या अंगावरून निसटत होते. काही महिन्यांनी, १९४१ च्या पूर्वार्धात, इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत पुन्हा भारतीय तुकड्या आणि मॅटिल्डा एकत्र आल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या लढाईत होते. म्हणजे ज्या रंगाविषयी आपण बोलत आहोत, तो रंग आपल्याकडच्या खेड्यांतून गेलेल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

त्या काळी वाळवंटातल्या ब्रिटिश वाहनांवर तीन रंगांचे, सरळ कडांचे, तिरके पट्टे असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. वाहनाची ओळखीची आकृती मोडून टाकायची, पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते याबद्दल शत्रूच्या नेमबाजाला गोंधळात टाकायचे, असा तिचा हेतू. १९४० मध्ये ती आली आणि १९४१ च्या अखेरीपासून मागे पडली. तीन रंगांपैकी एक वाळूसारखा पिवळट, एक गडद. आणि मधला?

मधला आकाशी निळा, असे सगळे सांगत. पुस्तकांतील रंगीत चित्रांत तो निळा, खेळण्याच्या खोक्यावरच्या चित्रात निळा, सूचनापत्रकात निळा. ब्रिटनमधील संग्रहालयांत रंगवून ठेवलेल्या मॅटिल्डांवरही निळसर पट्टा. इतके साक्षीदार एकमुखाने बोलत असताना शंका कोण घेणार? पण नीट पाहिले तर हे साक्षीदार वेगवेगळे नव्हते. चित्रकार संग्रहालयात जाऊन पाहत होता, संग्रहालय पुन्हा रंगवणारे पुस्तके चाळत होते, आणि मुले खोक्यावरचे चित्र पाहून रंगवत होती. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या काही आकृत्याही अशाच एकमेकींवरून उतरवल्या जातात, हे शिक्षकांना सांगायला नको.

मग छायाचित्रे का नाही पाहिली? पाहिली. हजारो आहेत, पण बहुतेक सगळी कृष्णधवल. कृष्णधवल चित्रात फक्त उजळ-काळेपणा उरतो. फिकट निळा आणि फिकट हिरवट राखाडी हे दोन रंग सारखाच प्रकाश परावर्तित करत असतील, तर चित्रात ते एकच दिसतात. त्यात फिल्मची भर. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तांबूस वस्तू काळ्या आणि निळ्या वस्तू उजळ उमटतात. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, पण भिंगापुढे पिवळी काच लावली की निळे आकाश गडद होते. छायाचित्र खोटे बोलत नाही म्हणतात. इथे ते बोलतच नव्हते.

उत्तर सापडले ते कागदपत्रांत. इंग्लंडमधील अभ्यासक माइक स्टारमर यांनी लष्करी आदेश आणि जुन्या रंगपत्रिका धुंडाळून दाखवले, की आदेशात रंगांची नुसती नावे नव्हती, क्रमांकही होते. लाइट स्टोन ६१, सिल्व्हर ग्रे २८, स्लेट ३४. हे क्रमांक ‘ब्रिटिश स्टँडर्ड ३८१’ या रंगांच्या प्रमाणसूचीतले. ती १९३० साली प्रसिद्ध झाली होती, म्हणजे युद्धाच्या बरीच आधी आणि युद्धाशी संबंध नसताना. कारखान्यात तयार होणारा रंग इकडे एक आणि तिकडे दुसरा असू नये, एवढाच तिचा उद्देश. ती सूची पुढेही चालू राहिली. फक्त क्रमांकांना पुढे एक आकडा जोडला गेला, म्हणून २८ चा ६२८ झाला, ६१ चा ३६१ आणि ३४ चा ६३४. क्रमांक ६२८ चा नमुना काढून पाहिला, तर तो निळा मुळीच नाही. फिकट, किंचित हिरवट राखाडी आहे. स्लेटही गडद हिरवट राखाडीच.

मग निळा आला कुठून? माझ्या मते यात आपल्या डोळ्यांचाही हात असावा. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत. त्यांनी तपासले, तर रंगात खोट नव्हती. दोष शेजारच्या रंगांचा होता! १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरोधी छटेकडे ढकलतो. पिवळ्याशेजारचा राखाडी निळसर भासतो. पिवळट वाळूचा पट्टा, त्याला लागून राखाडी पट्टा, वर लख्ख ऊन. पाहणाऱ्याला निळे आठवले तर नवल नाही.

हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापावेत. एक पिवळ्या जाड कागदावर, दुसरा निळ्यावर ठेवावा. दोन्हींवर बटर पेपर पसरावा. त्याने फरक कमी होईल असे वाटते, प्रत्यक्षात तो वाढतो. मुलांना दोन्ही चौकोनांचे रंग लिहायला सांगावेत आणि मगच कागद उचलावेत.

छंदी मंडळींचा आणखी एक वाद असा, की लहान प्रतिकृतीवर रंग थोडा पांढरा मिसळून फिकट करावा, कारण दूरची वस्तू फिकट दिसते. हे मला पटत नाही. १/३५ ची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे मूळ रणगाडा साडेदहा मीटरवरून पाहणे. तेवढ्या हवेत प्रकाशाचे विकिरण असे कितीसे होणार? आपण रस्त्यापलीकडचा ट्रक पाहतो, तो फिकट दिसतो का?

मॅटिल्डाचे उदाहरण एकटे नाही. ब्रिटनमधले रणगाडे म्हटले की आपण हिरवे समजतो. प्रतिकृतीही बहुधा हिरव्याच केल्या जातात. पण १९४२ पासून तिथल्या लष्करी वाहनांचा मूळ रंग तपकिरी होता. क्रोमियम ऑक्साइड या हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडला, हे त्याचे कारण सांगितले जाते. तपकिरी छटा लोखंडाच्या ऑक्साइडांपासून, म्हणजे गेरूच्या नात्यातल्या मातीपासून मिळू शकते. १९४४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा हिरवट ऑलिव्ह रंगाचा आदेश निघाला, कारण अमेरिकेहून येणारी असंख्य वाहने त्याच्या जवळच्या रंगात होती. ती पुन्हा रंगवत कोण बसणार? म्हणजे १९४३ सालचा ब्रिटनमधला चर्चिल रणगाडा तपकिरी रंगवला तर तो अधिक खरा. पाहणारे मात्र म्हणतील, रंग चुकला.

मॅटिल्डा पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. तिथे व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन यांच्याबरोबर मॅटिल्डाही उभा आहे. शाळेची सहल तिकडे गेली, तर आलेखाचा कागद सोबत घ्यावा. एक मुलगा रणगाड्याशेजारी उभा करून, त्याची उंची माहीत असल्याने, दुरूनच रणगाड्याची लांबी व उंची अंदाजाने काढता येते. मग ती १/३५ मध्ये कागदावर उतरवावी. मॅटिल्डाच्या बाजूंना चाके झाकणारे जाड पोलादी पडदे आहेत आणि त्यांत चिखल बाहेर पडण्यासाठी तिरकी तोंडे ठेवलेली आहेत. ती मुलांनी स्वतः मोजून काढावीत. पुस्तकातले चित्र परत आल्यावर उघडावे.