रात्रीच्या वर्गांतून घडलेले वकील

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लॉ कॉलेज हा मार्ग आपल्या अनेक घरांना परिचित आहे. घरात मिळवता एकटाच असला की दुसरा मार्ग तरी कोणता? याच मार्गाचा एक इतिहास अमेरिकेत घडला. तो पालकांनीही समजून घ्यावा असा आहे.

अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. दोनच वर्षांनी वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड विद्यापीठ निघाले आणि जानेवारी 1869 मध्ये त्याचा कायदा विभाग सुरू झाला. विद्यार्थी अवघे सहा. स्वतंत्र इमारत नव्हती. प्राध्यापकांच्या घरी व कचेऱ्यांत रात्री वर्ग भरत. प्राध्यापकही दिवसा आपापला व्यवसाय सांभाळणारे. विभागप्रमुख जॉन मर्सर लँग्स्टन यांची आई एकेकाळची गुलाम. काळे म्हणून त्यांना स्वतःला कायद्याच्या शाळेत प्रवेश मिळाला नव्हता. मुलींनाही येथे मज्जाव नव्हता. 1872 साली शार्लट रे येथून पदवी घेऊन अमेरिकेतील पहिली काळी स्त्री वकील झाली. पुढे पुरेशी अशिले मिळेनात म्हणून तिने शाळेत शिकवणे पत्करले, हे वाचून आम्हा शिक्षकांना जरा वाईटच वाटते.

याच रात्रीच्या वर्गांत विल्यम ह्यूस्टन नावाचा सरकारी कारकून शिकला. दिवसा युद्धखात्यात लेखणी घासायची, रात्री कायदा वाचायचा. तो वकील झाला आणि त्याने मुलाला, चार्ल्सला, थेट हार्वर्डला पाठवले.

आणि वाचकहो, या मुलानेच 1930 साली हॉवर्डचे रात्रीचे वर्ग बंद केले!

चार्ल्स ह्यूस्टन तेव्हा कायदा शाळेचा कारभार पाहत होता. रात्रीच्या शाळेला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता नव्हती, ग्रंथालय तोकडे होते. वर्णभेदाचे कायदे मोडायचे तर गोऱ्यांच्या उत्तमोत्तम वकिलांसमोर टिकतील अशी माणसे हवीत, असा त्याचा हिशेब. माजी विद्यार्थी संतापले. नोकरदारांना दार बंद झाले, विद्यार्थीसंख्या घटली. पण 1931 साली मान्यता मिळाली. 1930 मध्ये दाखल झालेला थरगुड मार्शल रोज बाल्टिमोरहून आगगाडीने येई. त्याच्या फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण ठेवली होती. 1933 साली तो पहिला आला. 1954 साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा खटला त्यानेच लढवला आणि 1967 साली तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला.

माझ्या मते चार्ल्सचा निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत कोणी मोजली? वडिलांसारख्याच कारकुनांनी. पालकहो, हा प्रश्न परका नाही. आपल्या बार कौन्सिलनेही 2008 च्या नियमांत वर्गांची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 7 अशी घातली आहे. पाचला सुटणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून किती तास उरतात, ते तुम्हीच मोजा. मुलाला नोकरी सांभाळून वकील करायचे असेल, तर प्रवेशाआधी कॉलेजचे वेळापत्रक आणि मान्यता दोन्ही स्वतः पाहा. संध्याकाळी फक्त सही करून घरी पाठवणाऱ्या वर्गात फी भरू नका.

चार्ल्स ह्यूस्टनने 1935 साली हॉवर्ड सोडले, काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहून वर्णभेदाविरुद्धचे खटले चालवले आणि 1938 साली तो वॉशिंग्टनला परतला. तेथे वडिलांच्याच कचेरीत त्याने पुन्हा वकिली सुरू केली.