आग, टोळी आणि कायदा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात कठोर फौजदारी कायद्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गुन्हे वाढले की कायदा कठोर करावा, ही मागणी विधिमंडळाला नवी नाही. जाळपोळ आणि टोळीने केलेले गुन्हे यांबाबत ती वारंवार होत आली आहे. प्रस्तुत लेखात या मागणीचा मागोवा सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधारे घेतला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे की, १९४२ ते १९४८ या सहा वर्षांत येथे जाळपोळीची दोन सर्वस्वी भिन्न रूपे दिसली आणि पुढे याच मातीतील माणसे कायदे करणाऱ्यांच्या बाकांवर बसली. सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कठोर कायद्यांनी शिक्षेपेक्षा न्यायाची प्रक्रिया अधिक बदलली आणि ती बदलताना चर्चेला फारसा अवकाश उरला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ कायदा

१८६० च्या भारतीय दंड संहितेत आगीच्या गुन्ह्यांना दोन मुख्य कलमे होती. कलम ४३५ अन्वये शंभर रुपये वा अधिक नुकसान करण्याच्या हेतूने आग लावल्यास सात वर्षांपर्यंत कैद होती. शेतमालाच्या बाबतीत ही मर्यादा दहा रुपयेच होती. कडब्याची गंजी पेटवून भाऊबंदकीचा सूड उगवण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दहा रुपयांचे मोल सांगावयास नको. कलम ४३६ अन्वये घर जाळणाऱ्यास दहा वर्षे कैद किंवा जन्मठेप, म्हणजे तत्कालीन भाषेत काळे पाणी, होऊ शकत असे. दरोडेखोरांच्या टोळीत सामील असणाऱ्यासही कलम ४०० अन्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. तात्पर्य, फाशी वगळता याहून मोठी शिक्षा उरलीच नव्हती. कायदा ‘कठोर’ करायचा तर तो अन्यत्र करावा लागणार होता.

त्याचा पहिला प्रयोग गुन्हेगार जमाती कायद्याने केला. १८७१ चा हा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी यांसारख्या जमातींत जन्म घेणे हाच संशयाचा पुरावा ठरला. संघटित गुन्हेगारीची ही व्याख्या कृत्यावर नसून कुळावर आधारलेली होती. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला व देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला.

वटहुकुमांचा काळ

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यानंतर एप्रिल १९४६ पर्यंत मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती होता. ‘चले जाव’ चळवळीच्या ऐन भरात प्रांतिक विधिमंडळ स्थगित होते, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जानेवारी १९४२ मध्येच केंद्र सरकारने विशेष फौजदारी न्यायालयांचा व शिक्षावाढीचा असे दोन वटहुकूम काढून ठेवले होते. सामुदायिक दंडाचा वटहुकूमही त्याच वर्षी आला.

सातारा जिल्ह्यात ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेला वडूज येथे व १० तारखेला इस्लामपूर येथे गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. तारा तोडणे, सरकारी बंगले व चावड्यांतील दप्तरे जाळणे हे प्रकार सुरू झाले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. सरकारच्या लेखी ही दरोडेखोरांची टोळी होती. परंतु या ‘टोळी’ची स्वतःची न्यायदान व्यवस्था होती आणि ती चळवळीच्या आडून लूटमार करणाऱ्या दरोडेखोरांनाच कठोर शासन करीत होती. त्या शिक्षांचे स्वरूप पाहता ‘पत्री सरकार’ हे लोकांनी दिलेले नाव सर्वस्वी गौरवाचे होते असे म्हणता येत नाही. येथेही कायदा करणारा, पकडणारा आणि शिक्षा देणारा यांच्यात पुरेसे अंतर नव्हते.

४ जून १९४३ रोजी संघीय न्यायालयाने बनवारीलाल शर्मा खटल्यात विशेष न्यायालयांचा वटहुकूम अवैध ठरविला. सरकारने लागलीच नवा वटहुकूम काढून आधीच्या शिक्षा कायम केल्या. पुढे १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने संघीय न्यायालयाचा निर्णयही फिरविला. इकडे ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली आणि २४ जुलै रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. वटहुकुमांची धार तेथे बोथट झाली, कारण गाव माहिती देत नव्हते.

१९४८ ची आग

खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सार्वजनिक सुरक्षा उपाययोजना कायदा, १९४७ संमत झाला. त्यात विशेष न्यायाधीशांची तरतूद होती. हाच कायदा दिल्ली प्रांतास लागू करून गांधीहत्येचा खटला लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयापुढे चालविण्यात आला. त्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. मॉरीन पॅटर्सन यांनी शासकीय अहवालांच्या आधारे सुमारे तीनशे गावांतील सुमारे एक हजार घरांचा उल्लेख केला आहे. अनेक कुटुंबांनी गाव कायमचे सोडले. सांगली, औंध ही संस्थाने मार्च १९४८ पर्यंत विलीन व्हावयाची होती, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांतील एकाच प्रकारचे गुन्हे वेगवेगळ्या सत्तांच्या अखत्यारीत येत होते.

१९४३ चे मौन आणि १९४८ चे मौन यांत भेद करणे अगत्याचे आहे. पहिल्या वेळी गाव आपल्या माणसांना सत्तेपासून वाचवीत होते. दुसऱ्या वेळी जळालेले घर गावातलेच होते आणि जाळणाऱ्यांतही ओळखीचे चेहरे होते. कलम ४३६ दोन्ही वेळा जसेच्या तसे उपलब्ध होते, परंतु ओळखीच्या माणसाविरुद्ध उभा राहणारा साक्षीदार कलमाने निर्माण होत नाही. या मौनाविषयी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी अनेक शासकीय कागदांपेक्षा अधिक सांगते. प्रादेशिक इतिहासलेखनाने १९४२ वर जितकी शाई खर्च केली, त्याच्या तुलनेत १९४८ कडे केलेले दुर्लक्ष समर्थनीय नाही.

१९४७ च्या कायद्यातील विशेष न्यायालयाकडे खटले सोपविण्याचे कलम १२ सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये लछमनदास आहुजा खटल्यात समानतेच्या हक्काविरुद्ध ठरविले.

भूमिगतांपासून गृहमंत्र्यांपर्यंत

देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९४२ मध्ये भूमिगत होते. १९४६ मध्ये ते गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. ते केंद्रीय गृहमंत्री असताना बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ संमत झाला. वसंतदादा १९५२ मध्ये विधानसभेत गेले व १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. सत्तांतराने माणसे बदलतात, या सोप्या स्पष्टीकरणावर येथे थांबता येत नाही. कायद्याबाहेर राहून संघटना चालविणे म्हणजे काय, हे चव्हाणांइतके जवळून पाहिलेला दुसरा गृहमंत्री क्वचितच झाला असेल. त्या अनुभवातून संघटनेवर बंदी घालणाऱ्या कायद्याविषयी संकोचही निर्माण होऊ शकला असता. प्रत्यक्षात संघटनेच्या सामर्थ्याची जाणीव अधिक बळावली असावी, असे वाटते.

मोका व त्यानंतर

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, अर्थात मोका, हाही २४ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रथम वटहुकूम म्हणूनच आला. मुंबईतील टोळ्या हे त्याचे निमित्त होते. त्यातील व्याख्या मात्र गुन्हेगार जमाती कायद्याच्या तुलनेत निश्चितच पुढची आहे: मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते. येथे कुळ नव्हे, कृत्य पाहिले जाते. तथापि पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब कलम १८ अन्वये पुरावा ठरतो व जामीन अत्यंत दुष्कर होतो. साक्षीदाराच्या मौनावर हा कायद्याने शोधलेला उपाय होय. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भरत शहा खटल्यात संभाषण टिपण्याच्या तरतुदी वैध ठरविल्या, मात्र जामिनाच्या कलम २१(५) मधील ‘अन्य कोणत्याही कायद्याखाली’ हे शब्द रद्द केले. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील दीर्घकाळ राज्याचे गृहमंत्री होते, तो काळ याच कायद्याच्या वापराचा. आज सातारा वा सांगलीचा प्रस्ताव कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे जातो, आणि ‘मोका लागला’ हा शब्दप्रयोग गावच्या पारावर रुळला आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय न्याय संहिता संमत झाली, तेव्हा विरोधी पक्षांचे १४६ सदस्य त्या अधिवेशनात निलंबित झालेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारीची व्याख्या देशभर नेली. मृत्यू घडल्यास फाशी वा जन्मठेप व किमान दहा लाख रुपये दंड ठेवला. आगीचा गुन्हा आता कलम ३२६ मध्ये आहे. दहा आणि शंभर रुपयांच्या मर्यादा त्यातून गेल्या आहेत. घर जाळल्यास दहा वर्षे किंवा जन्मठेप आणि गंजी पेटविल्यास सात वर्षांपर्यंत कैद, ही १८६० ची मोजमापे मात्र तशीच आहेत.