न ऐकू येणाऱ्या बेसचा मागोवा

मेटॅलिका या बँडच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमविषयी हेवी मेटल ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला बेस गिटारचा विषय निघतोच. तो अल्बम जिवापाड आवडणारेही त्याबद्दल बोलतात आणि नावडणारेही. १९८८ साली बाजारात आलेल्या या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. एका वाद्याच्या गैरहजेरीची चर्चा इतकी वर्षं टिकावी, आणि ती टिकवणारे प्रामुख्याने साधे श्रोते असावेत, याचं मला फार कौतुक वाटतं. ही तक्रार कुठून आली आणि वाटेत तिने किती रूपं घेतली, हे शोधत गेलं की अल्बमबद्दल कळतंच, शिवाय श्रोते कशासाठी भांडतात हेही उमगतं.

बेस गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्‌झला वाजते, साध्या गिटारची खालची तार ८२ हर्ट्‌झला. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. तबलजीचा डग्गा काढून घेतला आणि नुसत्या चाटेवर ठेका चालू ठेवला, तर बोल सगळे कळतील, पण गाण्याखालची जमीन गेल्यासारखी वाटेल; ‘जस्टिस’ ऐकताना तेच होतं. ड्रमचा घाव कोरडा, टकटकीत. गिटार धारदार, मधल्या पट्टीतला आवाज कापून टाकलेली. आणि खाली काही नाही.

मेटॅलिकाच्या आधीच्या श्रोत्यांना याची सवय असणं शक्यच नव्हतं, कारण बँडचा तेव्हाचा बेसवादक क्लिफ बर्टन याने त्यांचे कान वेगळे घडवले होते. १९८३च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याने अख्खा एक तुकडा बेसवर वाजवला होता. पुढच्या वर्षीच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या सुरुवातीला जो करकरीत आवाज येतो तो अनेकांना गिटारचा वाटतो, तो बर्टनचा बेस आहे. १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधल्या ‘ओरायन’ या शब्दांविना असलेल्या रचनेत तर बेसच पुढे होऊन सूर आळवतो. मेटलमध्ये बेसवाला बहुधा मागे उभा राहतो. बर्टन पुढे आला आणि ऐकणाऱ्यांनी त्याला ते स्थान मनापासून दिलं. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना त्यांची बस उलटली आणि तो गेला. वय २४.

त्याच्या जागी महिन्याभरात जेसन न्यूस्टेड आला. ॲरिझोनातल्या ‘फ्लॉटसम अँड जेटसम’ या बँडमधला, मेटॅलिकाचा आधीपासूनचा भक्त. बर्टन बोटांनी वाजवायचा, न्यूस्टेड पिकने. शोक करायला वेळच न घेता बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला, आणि सोबत्याच्या मृत्यूचा सगळा राग नव्या मुलावर निघत गेला. हॉटेलमधल्या खाण्यापिण्याची बिलं त्याच्या खोलीवर लावणं, त्याच्याविषयी खोट्या गोष्टी पसरवणं, हे प्रकार बँडमधल्यांनी स्वतः पुढे मुलाखतींतून सांगितले आहेत. मागोव्याच्या दृष्टीने मात्र १९८७ सालची एक छोटी तबकडी जास्त महत्त्वाची आहे. ‘गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड’ नावाच्या या तबकडीत इतर बँडची पाच-सहा गाणी आहेत, झटपट रेकॉर्ड केलेली, आणि तीत न्यूस्टेडचा बेस ठणठणीत ऐकू येतो. माणूस तोच, वाजवण्याची धाटणी तीच. एका वर्षात काय बदललं, हा प्रश्न श्रोत्यांना पडण्याचं मूळ इथे आहे.

१९८८च्या सुरुवातीला लॉस एंजलिसच्या ‘वन ऑन वन’ स्टुडिओत काम सुरू झालं. आधी निर्माता माइक क्लिंकबरोबर, ते जमेना म्हणून डेन्मार्कहून फ्लेमिंग रासमुसेनला बोलावून घेतलं. रासमुसेनने आधीचे दोन अल्बम केले होते. न्यूस्टेडने आपले भाग एका सहायक इंजिनियरसोबत वाजवले. बाकीचे तिघे समोर नव्हते. बेस कसा वाजवायचा, कुठे गिटारपासून वेगळं व्हायचं, याची चर्चा करणारं कुणी नव्हतं. त्याने गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारची चाल स्वरास स्वर लावून वाजवली. इथे ध्वनीची एक साधी अडचण आहे. गिटारचा मधला आवाज कापून खालचा भाग फुगवला, की ती बेसच्या हद्दीत शिरते. दोन्ही वाद्यं एकच स्वर एकाच वेळी वाजवत असतील तर मोठ्या आवाजाचं वाद्य लहान आवाजाच्या वाद्याला गिळून टाकतं. त्यामुळे बेसचा आवाज मुद्दाम कमी केला नसता तरी तो झाकलाच गेला असता. किती झाकला गेला असता, एवढाच प्रश्न.

मिक्सिंगचं काम स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांच्याकडे होतं, न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत. त्याच उन्हाळ्यात मेटॅलिका ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ या दौऱ्यावर व्हॅन हेलन, स्कॉर्पियन्स यांच्याबरोबर मोठमोठी मैदानं गाजवत होती. ड्रमवादक लार्स उलरिक आणि हेटफिल्ड दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात स्टुडिओत येत. मैदानातल्या प्रचंड आवाजानंतर कान किती शाबूत असतील, हे सांगायला नको. हेटफिल्डने पुढे तसं कबूलही केलं आहे. थॉम्पसनने बऱ्याच वर्षांनी सांगितलेली हकिगत अशी, की उलरिकने बेस आधी जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्यायला सांगितला, आणि तेवढा घेतल्यावर त्याहून काही डेसिबल आणखी खाली. उलरिकचं म्हणणं वेगळं आहे: न्यूस्टेडला मुद्दाम दाबायचं असं काही नव्हतं, गिटार आणि ड्रम वर-वर नेत गेलो आणि बेस दिसेनासा झाला. मला या दोन हकिगतींत फारसं अंतर वाटत नाही. खोलीत बेसवाल्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, हे दोन्हींतून सारखंच कळतं.

अल्बम आला तेव्हा मात्र ही तक्रार आजच्या इतकी पुढे नव्हती, याची आठवण ठेवायला हवी. नऊ गाणी, ६५ मिनिटं. एका तबकडीत मावेना म्हणून विनाइलवर दोन तबकड्या. मुखपृष्ठावर दोरांनी बांधलेली, तडे गेलेली न्यायदेवता. लोक बोलत होते ते गाण्यांच्या लांबीबद्दल, सतत बदलणाऱ्या तालांबद्दल, न्यायव्यवस्थेवरच्या आणि युद्धावरच्या शब्दांबद्दल. ‘वन’ या गाण्याचा व्हिडिओ १९८९च्या सुरुवातीला आल्यावर सगळ्यात मोठं भांडण पेटलं. व्हिडिओ करणार नाही म्हणणाऱ्या बँडने तो केलाच, म्हणून जुने चाहते चिडले; हातपाय, डोळे, वाचा गमावलेल्या सैनिकाची ती कथा पाहून नवे चाहते लाखांनी आले. त्याच वर्षी ग्रॅमीमध्ये हार्ड रॉक आणि मेटलचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला आणि तो मेटॅलिकाऐवजी ‘जेथ्रो टल’ला मिळाला. त्या अन्यायाच्या संतापात बेसचा मुद्दा बाजूला पडला तर नवल नाही.

आणखी एक कारण होतं. त्या काळात बहुतेकांनी हा अल्बम कॅसेटवर ऐकला. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या पोरांनी तर एकमेकांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर. खालचा आवाज आला नाही तर दोष टेपरेकॉर्डरचा, स्पीकरचा किंवा तिसऱ्या पिढीच्या कॅसेटचा धरायचा, हे ओघानेच आलं. अल्बममध्येच तो नाही हे पक्कं व्हायला तुलना हवी होती. ती १९९१ साली मिळाली. बॉब रॉकने निर्मिलेला, काळ्या मुखपृष्ठाचा ‘मेटॅलिका’ हा अल्बम आला आणि त्यात बेस भिंती हलवत होता. दोन अल्बम लागोपाठ लावले की कुणालाही कळावं. तक्रार खऱ्या अर्थाने जन्मली ती इथे. अल्बम जुना झाल्यावर नव्याच्या उजेडात त्यातली उणीव दिसली.

पुढे ती उणीव आवाजापुरती राहिली नाही. बँडमधल्यांच्या मुलाखती वाढत गेल्या, न्यूस्टेडला दिलेल्या वागणुकीच्या गोष्टी बाहेर आल्या. मिक्स पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपण संतापलो होतो, हे त्यानेही सांगितलं. जानेवारी २००१मध्ये त्याने बँड सोडला. आता श्रोत्यांनी मागे वळून ‘जस्टिस’ ऐकला तेव्हा त्यांना त्या पोकळीत एक माणूस दिसायला लागला. बेस ऐकू येत नाही, याऐवजी बेस ऐकू येऊ दिला नाही, असं लोक म्हणू लागले. न्यायावर बेतलेल्या अल्बममध्येच अन्याय घडला, हे बोलणंही तेव्हापासूनचं. माझ्या मते तक्रारीच्या प्रवासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे. आवाजाच्या आवडीनिवडीवरचा वाद घालून संपत नाही. पण पहिल्या ‘ब्लॅकन्ड’ या गाण्याच्या रचनाकारांत ज्याचं नाव आहे, त्याचंच वाद्य त्या गाण्यात सापडत नाही, याला आवडनिवड म्हणता येत नाही. एकाचा शोक दुसऱ्याच्या अंगावर काढला गेला. ‘टू लिव्ह इज टू डाय’ या रचनेत बर्टनच्या मागे राहिलेल्या सुरावटी आहेत, तिच्यावर त्याचं नाव आहे, आणि तेही रास्तच आहे. गेलेल्याला मान मिळाला. आलेल्याला मिळाला नाही.

२००८-०९मध्ये गोष्टीने अनपेक्षित वळण घेतलं. ‘डेथ मॅग्नेटिक’ हा नवा अल्बम प्रमाणाबाहेर मोठ्या आवाजात दाबून भरलेला होता. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये मात्र मोकळी, श्वास घेणारी होती. श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवून दिला आणि अल्बम नव्याने मिक्स करावा म्हणून हजारोंच्या सह्या गोळा केल्या. मार्च २००९मध्ये मेटॅलिकाच्या नावाचाच ‘गिटार हीरो’ आला. या खेळात गिटार, बेस, ड्रम वेगवेगळे वाजवायचे असल्याने प्रत्येक वाद्याची पट्टी सुटी ठेवावी लागते. ‘वन’ आणि ‘डायर्स ईव्ह’ त्यात होती. हौशी लोकांनी त्या पट्ट्या बाहेर काढल्या, आणि वीस वर्षं ज्याची नुसती कल्पना केली तो न्यूस्टेडचा बेस एकटा, स्पष्ट ऐकला. तो चांगला होता. घट्ट, लयीत, हेटफिल्डच्या उजव्या हाताशी जुळलेला. बेसच्या मूळ पट्ट्या ऐकलेल्या थोड्यांपैकी आपण एक आहोत आणि त्या उत्तम आहेत, हे रासमुसेननेही सांगितलं आहे. आता पुरावा लोकांच्या हातात आला.

मग श्रोते कामाला लागले. कुणी सुट्या पट्टीचा आवाज वाढवून गाणी पुन्हा जोडली. जी गाणी सुटी मिळाली नाहीत त्यांत कुणी स्वतः बेस वाजवून भरला. ‘अँड जस्टिस फॉर जेसन’ या नावाने अशा आवृत्त्या फिरू लागल्या. त्यांत काही ओबडधोबड आहेत, बेस नको तितका पुढे आणणाऱ्या. काही ऐकताना मात्र ‘हार्वेस्टर ऑफ सॉरो’सारखं संथ, जड गाणं पहिल्यांदाच पूर्ण वजनाने अंगावर येतं. मत नुसतं मांडून न थांबता ते स्वतःच्या हाताने करून दाखवणारे श्रोते मला समीक्षकांइतकेच गंभीर वाटतात.

याच्या विरुद्ध बाजूचे श्रोतेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या मते तो कोरडेपणा हाच या अल्बमचा स्वभाव. ओलावा नसलेला, हाडं दिसणारा आवाज त्या शब्दांना शोभतो. बेस भरला की गाणी जास्त गोंडस होतात. नोव्हेंबर २०१८मध्ये अल्बम नव्या संचात निघाला, सोबत डेमो आणि कच्चे मिक्सही दिले, पण मूळ मिक्सला हात लावला नाही. इतिहास का बदलायचा, असा हेटफिल्डचा सवाल होता. न्यूस्टेडचाही राग तोवर निवळला होता; लोकांना तो अल्बम आहे तसा आवडतो, हे त्याने मान्य केलं आहे.

मूळ अल्बम पुसू नये, यावर माझंही दुमत नाही. अमेरिकेत ८० लाख प्रतींची नोंद झालेला, दोन पिढ्यांनी पाठ केलेला आवाज कुणी बदलू नये. पण शेजारी दुसरी आवृत्ती ठेवल्याने इतिहास बदलत नाही. २०१२पासून मेटॅलिकाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी आहे, जुन्या अल्बमचे हक्क बँडकडे आहेत, आणि त्या कंपनीचं नाव ‘ब्लॅकन्ड’ आहे. ज्याच्या रचनेत न्यूस्टेडचाही हात आहे, त्या गाण्याचंच नाव. त्याच्या पट्ट्या योग्य उंचीवर ठेवून, त्याच्या संमतीने, नीट केलेला एक मिक्स या कंपनीने काढायलाच हवा. हौशी लोकांनी घरी बसून केलं ते बँडने स्टुडिओत न करण्याला आता कारण उरलेलं नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. ‘गॅरेज डेज’मधलं कुठलंही गाणं आधी लावा आणि बेसकडे कान द्या. लगेच ‘जस्टिस’मधलं ‘ब्लॅकन्ड’ ऐका. मग श्रोत्यांनी जोडलेली एखादी आवृत्ती. चांगल्या हेडफोनवर, याच क्रमाने. त्यानंतर तुमचं मत माझ्याहून वेगळं झालं तरी चालेल, पण ते तुमच्या कानांनी ठरवलेलं असू द्या.